घड्याळातले नऊ तास, घरातले चौदा

हाफ डिस्टन्स ट्रायथलॉन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. त्याच्या तयारीचे आराखडे साधारणपणे आठवड्याला ८ ते १० तास मागतात. वाचणारा लगेच भागाकार करतो: दिवसाला सव्वा तास, जमेल की! नोंदणी होते, आणि काही आठवड्यांत घरात कुरबुर सुरू होते. कारण आराखड्यातले तास मनगटावरच्या घड्याळाचे असतात. घरच्यांचा हिशेब तुम्ही बूट शोधायला लागता तिथून सुरू होतो आणि आंघोळ-खाणं उरकून तुम्ही पुन्हा घरच्या कामाला हात लावता तेव्हा थांबतो.

म्हणून आराखडा उतरवून घेण्याआधी प्रत्येक सत्रापुढे दुसरा आकडा लिहावा. तलावावर ४५ मिनिटं पोहायचं असेल तर जायला १५, कपडे बदलायला १०, नंतर अंग धुऊन बदलायला १०, परत यायला १५, मिळून ९५. दाराबाहेरूनच सुरू होणारा तासाभराचा रन तयारी, स्ट्रेचिंग आणि आंघोळ धरून ९० मिनिटं खातो. घरातल्या ट्रेनरवरची (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) तासाभराची सायकल ८० मिनिटांत आटोपते. तीन तासांची लाँग राइड सर्वांत फसवी: तयारी २०, वाटेतले थांबे १५, परतल्यावर सायकल पुसायला १०, आंघोळ १५, खाणं २०, आणि शेवटी नाकारता न येणारी अर्ध्या तासाची झोप. तीन तासांचे चार तास पन्नास मिनिटं होतात.

आता पूर्ण आठवडा मांडू. दोन वेळा पोहणं, ट्रेनरवर एक तास, तीन तासांची राइड, एक तासाचा वेगाचा रन, दीड तासाचा लाँग रन, कामावरून परतताना ४० मिनिटांचा सावकाश रन आणि अर्ध्या तासाचा ताकदीचा व्यायाम. घड्याळात ९ तास १० मिनिटं. घरच्या हिशेबात पावणेचौदा तास. त्यातही कामावरून पळत येण्याची जवळपास फुकटात वसुली होते: आंघोळ-तयारी धरून, वाहनाने एरवी लागणारी ३० मिनिटं वजा जाता घराची २० मिनिटंच जातात. ही बेरीज एकदा कागदावर उतरली की कुठली सत्रं महाग आणि कुठली स्वस्त हे लख्ख दिसतं, आणि जोडीदाराच्या 'दर रविवारी अख्खी सकाळ जाते' या तक्रारीत अतिशयोक्ती नव्हती हेही.

अंतर निवडतानाही हाच क्रम उलटा लावावा. आधी अंतर ठरवून मग तास शोधणं चूक; आधी घरातून किती तास निघू शकतात ते पाहावं आणि त्यात बसेल ते अंतर घ्यावं. घरच्या हिशेबाने सात-आठ तास निघत असतील तर ऑलिंपिक अंतर (१.५, ४० आणि १० किलोमीटर) किंवा नीट तयारीची हाफ मॅरेथॉन. चौदा तास निघत असतील तर हाफ डिस्टन्स ट्रायथलॉन. ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरच्या फुल डिस्टन्सला शेवटच्या काही आठवड्यांत घड्याळाचेच १२ ते १५ तास लागतात, सायकलच्या एकेका राइडला पाच-सहा तास. घरात सहा महिन्यांचं बाळ असताना फुलची नोंदणी करणाऱ्यांचं आम्हाला कौतुक वाटत नाही. ती शर्यत दोन वर्षांनीही भरणार असते.

तारीख तपासताना बहुतेक लोक फक्त शर्यतीचा दिवस मोकळा आहे का ते बघतात. खरा भार शर्यतीच्या दहा ते तीन आठवडे आधीच्या काळात असतो. त्या सात आठवड्यांत मुलांच्या परीक्षा, घर बदलणं, जोडीदाराच्या कामातली धावपळ, आईवडिलांची शस्त्रक्रिया यातलं काही येत असेल तर शर्यत बदलावी. नोंदणीचे नियमही तेव्हाच वाचून घ्यावेत: पुढच्या वर्षावर ढकलता येते का, कोणत्या तारखेपर्यंत, कमी अंतरात बदल करता येतो का. घरात अडचण आल्यावर हे नियम शोधायला बसलं की 'आता पैसे भरलेत' हा मुद्दा भांडणात शिरतो.

पैसे भरण्याआधीची बैठक अर्ध्या-पाऊण तासाची पुरते. शर्यत किती महत्त्वाची आहे हे पटवण्यात वेळ घालवू नये. कॅलेंडर उघडून भाराचे आठवडे रंगवावेत, लाँग राइडचा दिवस ठरवावा आणि तेवढेच तास जोडीदाराच्या नावावर लावून टाकावेत. ते तास तिने किंवा त्याने झोपण्यात घालवले तरी विचारायचं नाही. इथे बरेच जण गडबडतात: जोडीदाराचे तास 'लागले तर सांग' अशा बोलीवर ठेवतात. सरावाला वार आणि वेळ असते, जोडीदाराच्या तासांना नसते, म्हणून ते कधीच वापरले जात नाहीत. त्यांनाही वार आणि वेळ द्यावी.

बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरतात. पहाटे साडेचारला मूल तापाने उठलं तर बाहेर कोण पडणार नाही? आमचं उत्तर ठरलेलं आहे: ज्याचा सराव आहे तो थांबतो, कारण अशा वेळी वाद घालायचं त्राण कुणातच नसतं आणि नियम आधीच असला की वाद होत नाही. दुसरं, जोडीदाराला महिन्यातून दोन सत्रं कारण न देता रद्द करण्याची मुभा. ती सहसा वापरली जात नाही, पण असल्याने फरक पडतो.

आठवडा रचताना दोन-तीन सत्रं पक्की धरावीत, बाकीची सरकती. हाफसाठी पक्की तीन: लाँग राइड, सायकलचं एक कसदार सत्र (उदाहरणार्थ ट्रेनरवर १२ मिनिटांचे तीन तुकडे, तोडक्या वाक्यांत बोलता येईल इतक्या जोराने, मध्ये ४ मिनिटं हलकं), आणि धावण्याचं एक (४ मिनिटांचे पाच वेगवान तुकडे, मध्ये ३ मिनिटं सावकाश जॉग). लाँग रन चौथा. सावकाश रन, दुसरं पोहणं हे वेळ मिळाला तर. ज्यांचं पोहणं कच्चं आहे त्यांनी मात्र पोहणं सरकतं ठेवू नये. पाण्यात तंत्र आठवड्यातून एकदा भिजून सुधारत नाही, निदान दोनदा जावं लागतं.

आठवडा कोसळला की काय सोडायचं, हे याच क्रमाने उलटं. आणि सुटलेलं सत्र दुसऱ्या दिवशी कोंबायचं नाही. मंगळवारचे इंटरव्हल (म्हणजे ते वेगवान तुकडे) बुधवारी, बुधवारची सायकल गुरुवारी असं ढकलत नेलं की शनिवारच्या राइडच्या आदल्या दिवशी पाय जड असतात, घरचे तासही फुगतात आणि पोटरी किंवा गुडघा कुरकुरायला लागतो. गेलं ते गेलं.

यामागे धीर देणारं शास्त्र आहे. रॉबर्ट हिक्सन यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही लोकांकडून दहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० मिनिटं कठीण व्यायाम करून घेतला. पुढचे १५ आठवडे एकांनी रोज २६ मिनिटं केली, दुसऱ्यांनी १३; जोर मात्र तोच राखला. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत टिकली. १३ मिनिटंवाल्यांचा दीर्घ दम मात्र उतरला. घरच्या धबडग्यातल्या आठवड्यांसाठी यातून सरळ नियम निघतो: वेळ कापा, जोर कापू नका, आणि लांब सत्र फार काळ गायब होऊ देऊ नका. पूर्ण थांबावं लागलं तरी आकाश कोसळत नाही. एडवर्ड कॉयल यांच्या गटाने १९८४ मध्ये सराव पूर्ण थांबवलेल्या कसलेल्या खेळाडूंची जी मोजमापं घेतली, त्यांत पहिल्या तीन आठवड्यांत ही क्षमता साधारण ७ टक्क्यांनी घसरली होती. मुलाच्या आजारपणात गेलेला एक आठवडा शर्यतीच्या निकालात शोधूनही सापडत नाही. स्वतःला ताप असेल तर प्रश्नच नाही. तापात व्यायाम केल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं अर्धा तास चालतं.

पहाटेचा सराव घरच्यांना सर्वांत कमी टोचतो, पण त्याचं बिल झोपेच्या खात्यावर फाडलं जातं. साडेचारला उठायचं तर साडेनऊला दिवा मालवावा लागतो, तेव्हा सात तास पडतात. साडेनऊला झोपणारा माणूस संध्याकाळी जोडीदाराशी बोलतो कधी? म्हणून पहाटे आठवड्यातून तीनच ठेवाव्यात, पाच नाहीत. रात्री सहा तासांहून कमी झोप झाली असेल तर त्या दिवशीचं वेगाचं सत्र हलकं करावं. पाच तासांहून कमी असेल तर गजर बंद करून झोपावं. तान्ह्या बाळाच्या घरात हा नियम आठवड्यातून तीनदाही लागू होतो. तिथे वारांचा आराखडा टाकून द्यावा आणि 'या आठवड्यात ही चार सत्रं, जमेल त्या दिवशी' असं लिहावं.

पहाट जिंकायची ती आदल्या रात्री. कपडे, मोजे, हार्ट रेट पट्टा, किल्ल्या, बाटल्या झोपायच्या खोलीच्या बाहेर एका जागी. टायरमधली हवा रात्रीच भरावी. पहाटेच्या शांततेत पंपाचा आवाज अख्खं घर उठवतो. गजर फोनवर नको, मनगटावरच्या घड्याळाच्या थरथरीवर. दिव्यांची बॅटरी बघून ठेवावी. या दहा मिनिटांनी पहाटेची वीस मिनिटं वाचतात, आणि कपाटात चाचपडून जोडीदाराची झोप मोडण्याचा रोजचा गुन्हाही टळतो.

ट्रेनर ही घर असलेल्या खेळाडूची सर्वांत उपयोगी वस्तू. त्यावर उतार नाही, सिग्नल नाही, त्यामुळे पाय सतत फिरतात, आणि कसदार सत्रासाठी तासभर पुरतो. मूल झोपलेलं असताना घरात दुसरं माणूस नसलं तरी सायकल चालवता येते. मागचं चाक काढून बसवायचा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर शांत असतो. टायर रोलरवर घासणारा आवाज करतो आणि साधा टायर लवकर झिजवतो. खालच्या मजल्यावर आवाजापेक्षा थरथर पोचते, म्हणून जाड रबरी मॅट हवीच. मोठा पंखा समोर, नाहीतर वीस मिनिटांत नाडी चढते आणि तोच जोर पेलवेनासा होतो. घाम हँडलच्या मुळाशी ठिबकतो आणि हेडसेट (हँडल वळवणारी बेअरिंग) आणि स्टेमचे (हँडल धरून ठेवणारा तुकडा) बोल्ट गंजवतो. टॉवेल आडवा टाकावा आणि नंतर ओल्या फडक्याने पुसावं. चालत्या ट्रेनरचं चाक, साखळी आणि फ्लायव्हील (जड फिरती चकती) यांत लहान बोटं जाऊ शकतात. रांगणारं मूल असेल तर खोलीचं दार बंद, आणि सत्र संपलं की पॉवरची वायर काढलेली.

लाँग राइडही फोडता येते. पहिला तास-दीड तास अंधारात ट्रेनरवर, उजाडल्यावर उरलेला रस्त्यावर. काळोखात वाहनांच्या रस्त्यावर जाणं टळतं आणि घरचे उठायच्या आत निम्मं काम झालेलं असतं. साडेचारला उठून थेट रस्त्यावर निघालं तरी झोप धरून सगळं उरकायला नऊ वीस होतात. घर सातला उठत असेल तर जागेपणीचे दोन तास वीस मिनिटंच गेले. तीच राइड सातला सुरू केली तर पावणेपाच-पाच तास सगळे जागेपणातले. सत्र एकच, किंमत दुप्पट.

राइडनंतरची दुपार हा सर्वांत दुर्लक्षित भाग. माणूस साडेआठला घरात येतो, पण दोनपर्यंत सोफ्यावर पडून असतो, मुलं अंगावर आली की खेकसतो. घरच्यांना हाच भाग सर्वांत जास्त सलतो. घरी नसलेला माणूस परवडतो, घरी असून नसलेला नाही. याचं कारण बहुतेक वेळा सायकलवर कमी खाल्लेलं असतं. दोन तासांहून मोठ्या राइडला ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं पहिल्या अर्ध्या तासापासून घ्यावीत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र असतील आणि पोटाला सवय लावली असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. वजन उतरावं म्हणून उपाशीपोटी तीन तास काढणारे घड्याळात चांगले दिसतात आणि दुपारी निकामी होतात. परतल्यावर तासाभरात कर्बोदकांसोबत २० ते ३० ग्रॅम प्रथिनं, भरपूर पाणी, थोडं मीठ. वीस-तीस मिनिटांची झोप आधी ठरवून आणि गजर लावून. त्यापुढची दुपार घराची.

दुसरं कारण वेगाचं. हलक्या राइडला शेजारच्या गटाशी शर्यत लावली की तीन तासांची दमणूक पाच तासांची होते. लांब सत्र पूर्ण वाक्यात बोलता येईल अशाच गतीने. स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या दमसासी खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून दाखवलं की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं हलकी असतात. आपल्यासारख्यांना नेमकी तीच जड करायची खोड असते.

मुलांच्या वयाप्रमाणे खिडक्या बदलतात. दोन ते सहा वर्षांची मुलं पहाटेच उठतात, त्यामुळे सकाळचा सराव ती उठायच्या आत संपला नाही तर संपतच नाही. सात ते बाराच्या मुलांना क्लासला किंवा मैदानावर सोडायचं असतं. तो तास गाडीत बसून फोनवर घालवण्याऐवजी मैदानाभोवती पळता येतो, बूट गाडीतच ठेवावेत. किशोरवयीन मुलं सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपतात, लाँग राइडला एवढी सोय दुसरी नाही.

बाबागाडी घेऊन धावायचं असेल तर बाळ निदान सहा महिन्यांचं आणि मान-पाठ नीट सावरणारं हवं, आणि डॉक्टरांना विचारलेलं. धावण्यासाठी बनवलेली तीन चाकांची गाडी घ्यावी, पुढचं चाक सरळ लॉक करावं, मनगटाला पट्टा, हाताशी ब्रेक. तिच्यासोबत फक्त हलका रन. हात अडकल्याने पाऊल आखडतं, इंटरव्हल केले तर पाठ आणि पोटऱ्या धरतात. बाळंतपणानंतर स्वतः धावायला सुरुवात करणाऱ्या आईसाठी ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं १२ आठवड्यांच्या आधी धावू नये असं सांगतात, आणि त्यानंतरही ओटीपोटाच्या स्नायूंची तपासणी करूनच. शिंकताना-धावताना लघवी गळणं, ओटीपोटात जडपणा वाटणं ही 'होतंच असं' म्हणून सोडायची लक्षणं नाहीत.

अतिश्रमाची चाहूल ॲपआधी घराला लागते. सकाळची विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा सलग काही दिवस ५ ते १० ठोक्यांनी वर, झोप तुटक, आणि क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड. यातलं तिसरं लक्षण घरचे पहिल्यांदा सांगतात आणि खेळाडू नाकारतो. तीन आठवडे भार, चौथा हलका, हा नेम म्हणूनच पाळावा. हलक्या आठवड्यात तास निदान एक तृतीयांशाने उतरतात. तो आठवडा घरच्या मोठ्या कामांना किंवा सहलीला लावून ठेवता येतो. कॅलेंडरवर तो वेगळ्या रंगात असला की घरचेही त्याची वाट बघतात.

टेपरमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या दोनेक आठवड्यांत, सराव ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, थोडा जोर मात्र राहतो. रिकामे झालेले तास सामानाच्या याद्या, हवामानाचे अंदाज आणि सायकल चौथ्यांदा पुसण्यात जातात. ते आधीच वाटून टाकावेत: शाळेत सोडणं, रात्रीचं जेवण, मुलांची झोप टेपरमध्ये तुमच्याकडे. शर्यतीच्या आदल्या दोन रात्री तेवढ्या वगळाव्यात.

शर्यत बघायला येणाऱ्या घरच्यांना वेळापत्रक लागतं. हाफला सहा-सात तास, फुलला १७ तासांच्या कट-ऑफपर्यंत लांबणारा दिवस. लहान मुलांना सुरुवातीपासून उभं करणं म्हणजे छळ. पोहून बाहेर येण्याची, सायकल संपण्याची आणि शेवटाची वेळ 'लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा' अशी लिहून द्यावी. पहाटेच्या सुरुवातीला कुणी येऊ नये. धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा असेल तर फक्त तिथे यावं, एकाच जागी दोन-तीनदा दर्शन होतं. स्वच्छतागृह आणि सावली कुठे आहे हे नकाशावर खूण करून द्यावं. ट्रॅकिंग ॲप टायमिंग मॅट (वाटेवर अंथरलेली, वेळ नोंदवणारी पट्टी) ओलांडल्यावरच पुढे सरकतं, आणि एखादी मॅट खेळाडूच्या अंगावरच्या चिपची नोंद चुकवते. ठिपका तासभर हलला नाही तर अपघात झाला असं समजू नये, हे आधीच सांगून ठेवावं. संपर्काचा नंबर म्हणून मुलांसोबत असलेल्या माणसाचा न देता तिथे हजर असलेल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचा द्यावा, म्हणजे गरज पडलीच तर लगेच निघता येतं.

शर्यतीनंतर दोन आठवडे आराखडा कोराच ठेवावा. चालणं, हलकं पोहणं, वाटलं तर मुलांसोबत सायकल. फुलनंतर चार आठवडे लागतात. पदकाच्या भरात त्याच रात्री पुढची नोंदणी उघडलेली असते आणि सवलतीची मुदत खुणावत असते. ती जाऊ द्यावी. महिन्याभराने जोडीदारासोबत पुन्हा कॅलेंडर उघडावं आणि या वेळी पहिली शर्यत किंवा पहिला छंद त्यांचा लिहावा. घरात दोघेही धावत असतील तर एका मोसमात एकाचीच मोठी शर्यत, दुसऱ्याने आधाराला राहून दहा किलोमीटरवर समाधान मानायचं. दोन लाँग राइड एका घरात, एका शनिवारी बसत नाहीत.